उधारीचे पोते

(अंजनवेल येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे दिलेले व्याख्यान)

तुम्ही आता सही करू लागला आहात. ही लहान गोष्ट नव्हे. अंगठ्याची शाई पुसून हाती लेखणी धरायला वय आड येत नाही, हे तुम्ही दाखवून दिले. पण सही आली की तिच्यामागून जबाबदारीही येते. अंगठा उठवणाऱ्याला "मला वाचता येत नव्हते हो" असे निदान म्हणता तरी येते. सही करणाऱ्याला तेही म्हणता येत नाही. म्हणून सही कोठे करावी हे जसे शिकायचे, तसे ती कोठे करू नये हेही शिकायचे. आज आम्ही त्याविषयी चार गोष्टी सांगणार आहोत.

बाजारात, बँकेत, मोठ्या दुकानात आणि आता फोनवरही एक विचारणा होते. "क्रेडिट कार्ड घ्या. अगदी फुकट आहे. फक्त येथे सही करा." बोलणारा गोड बोलतो. कार्ड दिसायला छान असते. माणसाला वाटते, घेऊन ठेवायला काय हरकत आहे?

हरकत आहे. काय आहे ती सावकाश पाहू.

प्रथम कार्ड ओळखायला शिकू. तुमच्यापैकी पुष्कळांकडे बँकेचे एक कार्ड आहे. ते यंत्रात घातले की आपल्या खात्यातले पैसे बाहेर येतात. त्याला एटीएम कार्ड किंवा डेबिट कार्ड म्हणतात. जनधन खात्यावर मिळाले तेही हेच. ह्यात पैसे आपले असतात. खात्यात शंभर असतील तर शंभरच निघतील. म्हणजे ही आपल्याच कणगीची किल्ली.

क्रेडिट कार्डाचे तसे नाही. तेथे पैसे बँकेचे असतात. आपण दुकानात कार्ड दाखवतो, बँक दुकानदाराला पैसे देते आणि आपल्या नावावर उधारी मांडते. क्रेडिट ह्या शब्दाचा साधा अर्थच मुळी उधारी. कार्डावर जर "उधारीचे कार्ड" असे मराठीत छापले असते, तर निम्म्या लोकांनी हात मागे घेतला असता!

ही कल्पना फार जुनी नाही. १९५० साली अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात, हॉटेलात जेवून पैसे मागाहून द्यावेत, ह्यासाठी असे एक कार्ड निघाले. आपल्या देशात १९८० साली सेंट्रल बँकेने असे कार्ड काढले. आता पुष्कळ बँका ती देतात.

आम्ही एकच बाजू सांगणार नाही. ह्या कार्डाची एक सोय खरी आहे. महिनाभर खरेदी करावी, महिन्याचे बिल यावे, आणि बिलावरच्या तारखेच्या आत सगळी रक्कम भरून टाकावी. असे केले तर त्या खरेदीवर व्याज पडत नाही. ज्याला दर महिन्याला ठरलेला पगार आहे, ज्याचा हात आवरता आहे, तो माणूस हे करू शकतो. पण आपल्यासारख्यांना ते का झेपत नाही, ते आता ऐका.

पहिले कारण बिलातच लिहिलेले असते. बिलावर दोन आकडे असतात. एक मोठा, एक लहान. मोठा आकडा म्हणजे एकूण देणे. लहान आकड्यापुढे लिहिलेले असते, "किमान देय रक्कम". म्हणजे निदान एवढे तरी भरा. माणूस लहान आकडा पाहतो आणि म्हणतो, "वा! वीस हजारांचे बिल, पण हजारच भरायचे!" येथेच पाय घसरतो.

पाटी घ्या. हिशेब मांडू.

समजा, कार्डावर २०,००० रुपयांचे देणे आहे. व्याज महिन्याला शेकडा साडेतीन. आज पुष्कळ कार्डांवर दर साधारण एवढाच असतो. साडेतीन हा आकडा लहान दिसतो. पण तो महिन्याचा आहे, वर्षाचा नव्हे. बाराने गुणा. वर्षाला शेकडा बेचाळीस झाले.

२०,००० वर महिन्याचे व्याज झाले ७०० रुपये. त्या व्याजावर सरकारचा जीएसटी कर शेकडा अठरा, म्हणजे १२६ रुपये. दोन्ही मिळून ८२६ रुपये. तुम्ही भरले १,००० रुपये. त्यातले ८२६ व्याजात आणि करात गेले. मूळ कर्जातून वजा झाले फक्त १७४ रुपये.

पुढच्या महिन्यात बाकी राहिली १९,८२६. पुन्हा तिचा विसावा हिस्सा किमान रक्कम म्हणून भरा. असे बारा महिने करा. नवी खरेदी एका पैशाचीही करू नका. वर्षाअखेर तुम्ही सुमारे ११,४०० रुपये भरलेले असतील. आणि कर्ज किती उरेल? सुमारे १८,००० रुपये!

हा आकडा दोनदा वाचा. अकरा हजार चारशे भरले आणि कर्ज हलले दोन हजारांनी. तळाला भोक पडलेल्या होडीतून करवंटीने पाणी उपसावे, तसे हे आहे. हात दुखतात, होडी काही कोरडी होत नाही.

दुसरे कारण. बिलातले थोडे देणे जरी मागे राहिले, तरी बिनव्याजी मुदत सहसा निघून जाते. मग पुढे केलेल्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढू लागते. आणि ह्या कार्डावर यंत्रातून रोख पैसे काढले, तर त्यांना बिनव्याजी मुदत मुळीच नसते. त्या दिवसापासून व्याज, आणि वर वेगळे शुल्क. घरात कोणी आजारी पडले, रात्री पैशाची नड लागली, म्हणून माणूस यंत्रापुढे उभा राहतो. नडीच्या वेळी घेतलेला पैसाच सर्वांत महाग पडतो.

तिसरे कारण आपल्या गावाचे आहे. अंजनवेलला, वेलदूरला, धोपाव्याला पैसा कसा येतो? आंब्याचा पैसा उन्हाळ्यात येतो. मासळीचा पैसा जाळ्यावर अवलंबून. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की तोही थांबतो. मुंबईकर मुलगा पैसे पाठवतो, पण ते त्याच्या सवडीने. म्हणजे आपली मिळकत हंगामाची. आणि कार्डाचे बिल येते महिन्याचे! ते आंब्याच्या मोहोराची वाट पाहत नाही आणि नारळीपौर्णिमेलाही थांबत नाही. तारीख चुकली की व्याज लागते आणि उशिराचा दंडही लागतो. मिळकत भरती-ओहोटीची आणि देणे मात्र घड्याळाच्या काट्यावर! हा जोड जमत नाही.

चौथे कारण माणसाच्या स्वभावात आहे. कनवटीच्या नोटा मोजून देताना हात जड होतो. पाचशेची नोट मोडताना आपण दहादा विचार करतो. कार्ड नुसते दाखवायचे असते. मग हात सैल सुटतो. गणपतीला थोडे जास्त, शिमग्याला थोडे जास्त, लेकीच्या लग्नात पुष्कळ जास्त. ऋण काढून सण करू नये, असे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले. त्यांना कार्ड ठाऊक नव्हते, पण माणूस ठाऊक होता. त्यांचीच दुसरी एक म्हण आहे, उधारीचे पोते सव्वा हात रिते. उधारीने घेतलेला माल भरतो कमी आणि पडतो महाग.

पाचवे कारण फसवणुकीचे. कार्डाच्या नावाने लबाड लोक फोन करतात. "कार्ड बंद होणार आहे, फोनवर आलेला आकडा सांगा," म्हणतात. तो आकडा म्हणजे ओटीपी. तो सांगणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे. हा धोका एटीएम कार्डालाही आहे. पण तेथे फार तर खात्यात असेल तेवढे जाईल. क्रेडिट कार्डात आपल्याजवळ नसलेलेही जाईल, आणि मग ते देणे आपले नव्हे हे सिद्ध करत बसावे लागेल.

आता तुम्ही विचाराल, "गुरुजी, मग बँक हे फुकट का देते?" प्रश्न बरोबर आहे. फुकट कोणी काही देत नाही. कार्डावर खरेदी झाली की दुकानदाराला थोडे कमिशन सोडावे लागते. त्यातून बँकेला मिळते. पुष्कळ कार्डांना वर्षाची फी असते. पहिले वर्ष फुकट म्हणतात, दुसऱ्या वर्षी ती बिलात येते. आणि जो पुरते बिल भरत नाही, त्याचे व्याज तर आहेच. हिशेबी माणसाकडून बँकेला थोडे मिळते. किमान रक्कम भरत राहणाऱ्याकडून पुष्कळ मिळते.

न वाचता केलेल्या सहीने काय होते, ह्याला आपल्या महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे. पुणे जिल्ह्यात सुपे नावाचे गाव आहे. १२ मे १८७५ रोजी तेथील शेतकरी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेले. त्यांना मुख्यतः हवी होती ती कर्जाची खते, म्हणजे कर्जाचे कागद. ते हिसकून घेऊन त्यांनी जाळले. हा दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या पुष्कळ गावांत पसरला. दक्षिणेतले दंगे म्हणून तो इतिहासात प्रसिद्ध आहे. त्यामागे कारणे अनेक होती. कापसाचा भाव पडला होता, शेतसारा वाढला होता. पण राग मुख्यतः त्या कागदांवर होता. खतात काय लिहिले आहे हे शेतकऱ्याला वाचता येत नव्हते. त्याने निशाणी केली की तो बांधला गेला. व्याज मुदलात मिळवून नवे खत होई, आणि कर्ज वाढतच जाई.

सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा केला. खत अधिकाऱ्यासमोर व्हावे, सावकाराने पावती द्यावी, हिशेब द्यावा, असे त्यात ठरले. म्हणजे कायद्याने काय मागितले? कागद उघड असावा आणि माणसाला कळावा, एवढेच मागितले. त्या शेतकऱ्यांजवळ नव्हते असे एक हत्यार आज तुमच्याजवळ आहे. तुम्हाला वाचता येते. ते हत्यार गंजू देऊ नका.

फार लांब कशाला जायचे? आपल्या अंजनवेलच्या माळावर विजेचा प्रकल्प उभा आहे. १९९३ साली राज्याच्या वीज मंडळाने दाभोळ पॉवर कंपनीशी वीज विकत घेण्याचा करार केला. सह्या करणारे सगळे शिकलेले, मोठ्या हुद्द्याचे लोक होते. करारात एक कलम असे होते की, मंडळाने वीज कमी घेतली तरी ठरलेला स्थिर आकार द्यायचाच. १९९९ साली वीज सुरू झाली. ती महाग पडली. मंडळाला बिल झेपेना. २००१ साली प्रकल्प बंद पडला, आणि त्याच वर्षी कंपनीची मूळ मालक एन्रॉन अमेरिकेत दिवाळ्यात निघाली. २००५ साली नवी कंपनी काढून प्रकल्प तिच्याकडे द्यावा लागला. मोठमोठ्या कराराची ही गत, तर आपल्या घरच्या कागदाला किती जपावे? "वापरा अगर न वापरा, एवढे द्यावेच लागेल," असे वाक्य कोठे आहे काय, हे आधी शोधावे. कार्डाची वार्षिक फी तशीच असते.

आता कोणी म्हणेल, "कर्जच घेऊ नये म्हणता काय?" नाही. बी-बियाण्याला, जाळ्याला, इंजिनाला पैसा लागतो. तेथे कर्ज घ्यावे, पण स्वस्त दाराने घ्यावे. येथे नावाचा घोटाळा होतो, म्हणून नीट ऐका. किसान क्रेडिट कार्ड हे वेगळे. ते १९९८ साली शेतकऱ्यांसाठी सुरू झाले आणि पुढे २०१९ पासून मच्छीमारांना आणि गुरे पाळणाऱ्यांनाही मिळू लागले. त्याचे व्याज वर्षाला शेकडा सात, आणि वेळेवर फेडले तर शेकडा चार. राज्याची सवलत मिळाली तर आणखी कमी. फेडीची मुदतही हंगाम पाहून ठरते.

पुन्हा पाटी घ्या. २०,००० रुपये किसान कार्डावर वर्षभर घेतले आणि वेळेवर फेडले, तर वर्षाचे व्याज झाले ८०० रुपये. आणि मघाशी दुसऱ्या कार्डावर एका महिन्याचे किती झाले होते? ८२६! एका बाजूला वर्ष, दुसऱ्या बाजूला महिना. दोन्ही कार्डांवर क्रेडिट हाच शब्द. म्हणून नुसते नाव वाचून भागत नाही. व्याज किती, आणि ते महिन्याचे की वर्षाचे, हे वाचावे लागते.

लहानसहान नडीला बायकांचे बचत गट आहेत. तेथे दिलेले व्याज गटाच्याच पेटीत राहते आणि हिशेब सर्वांसमोर होतो. आणि सर्वांत चांगली पेटी म्हणजे आपली स्वतःची. आंब्याचा पैसा आला की त्यातला काही भाग पावसाळ्यासाठी बाजूला काढून ठेवावा. थेंबे थेंबे तळे साचे.

काहींनी कार्ड आधीच घेतले असेल. त्यांनी घाबरू नये. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली ह्याबाबत स्पष्ट नियम घातले आहेत. ते पाठ करून ठेवा.

मागितल्यावाचून कोणी क्रेडिट कार्ड देऊ शकत नाही. न मागता देऊन बिल लावले, तर ते रद्द करावे लागते आणि त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून तुम्हाला द्यावी लागते.

घरी आलेले कार्ड महिनाभर चालू केले नाही, तर बँक तुमची संमती विचारते. संमती दिली नाही तर खर्चाशिवाय ते बंद करावे लागते. म्हणून अशा वेळी फोनवर "हो, हो" म्हणू नका.

सगळे देणे फेडून कार्ड बंद करण्याचा अर्ज केला, तर कामाच्या सात दिवसांत ते बंद झाले पाहिजे. उशीर केला तर दर दिवसाला ५०० रुपये दंड तुम्हाला मिळतो.

वसुलीच्या माणसाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, शिवीगाळ करू नये, धाक घालू नये.

तक्रार प्रथम बँकेकडे लेखी करावी. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. माहितीचा फोन १४४४८. पैसे चोरीला गेले तर ताबडतोब १९३० ह्या क्रमांकावर कळवावे. वेळ घालवू नये.

आणि ज्याच्या कार्डावर बाकी आहे, त्याने तीन गोष्टी कराव्या. नवी खरेदी आजपासून बंद. किमान रकमेवर न थांबता जमेल तेवढे जास्त भरावे. आणि स्वस्त व्याजाचे कर्ज मिळत असेल तर त्यातून हे महाग कर्ज एकदम फेडावे. लपवून ठेवू नये. घरच्यांना सांगावे. न फेडलेल्या देण्याची नोंद सिबिलसारख्या संस्थांकडे राहते. पुढे मुलाला घर बांधायचे असले आणि कर्जाच्या कागदावर तुमची सही लागली, तर ती नोंद आड येते.

शेवटी, कोणत्याही कागदावर सही करण्याआधी पाच प्रश्न विचारा. वहीत लिहून घ्या.

पैसे कोणाचे, माझे की दुसऱ्याचे?

व्याज किती, महिन्याचे की वर्षाचे?

वापर केला नाही तरी काही द्यावे लागेल काय?

एक हप्ता चुकला तर काय होईल?

हा कागद मी घरी नेऊन वाचू शकतो काय?

पाचव्या प्रश्नाला जो "नाही" म्हणेल, त्याच्या कागदावर सही करू नका. ज्याचा व्यवहार सरळ आहे, त्याला एक रात्र थांबायला हरकत नसते.

बंधुभगिनींनो, "नको" हा दोन अक्षरांचा शब्द आहे. तुम्ही तो पहिल्याच महिन्यात लिहायला शिकलात. आता तो बोलायलाही शिका.